मुलगा म्हणतो इम्प्लांट करू, मला वाटते या वयात कशाला?

सातारा जिल्ह्यातील एका ६२ वर्षांच्या भगिनींचे पत्र आले आहे. ओळख पटेल असा तपशील वगळून त्याचा सारांश असा. खालच्या जबड्यातल्या उजवीकडच्या शेवटच्या दोन दाढा सहा वर्षांपूर्वी आणि डावीकडची मधली एक दाढ गेल्या वर्षी काढावी लागली. दाढा किडल्या नव्हत्या, हलत होत्या. आता खालचे पुढचे दातही थोडे हलतात. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. मध्यंतरी काढता-घालता येणारे दात करून घेतले होते, पण ते हिरडीला रुतू लागले आणि काही दिवसांतच डबीत जाऊन पडले. तालुक्याच्या गावच्या दंतवैद्यांनी तीन इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर केलेले दात, सुचवून १ लाख २० हजार रुपये खर्च सांगितला आहे. शहरातल्या एका दवाखान्याने उरलेले सगळे दात काढून तीन दिवसांत ‘पक्के दात’ बसवू असे सांगितले असून त्याचा आकडा साडेचार लाख आहे. पुण्यात नोकरी करणारा मुलगा हप्त्यांवर पैसे भरायला तयार आहे. यजमान कवळी वापरतात आणि त्यांचे ठीक चालले आहे. ‘माझे आता किती राहिले? लेकराला खर्चात का घालू? या वयात हाड तरी धरेल का?’ असे त्या विचारतात. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘मशेरी पूर्वीसारखी नाही, सकाळी एकदाच लावते.’

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहिली आहे. वय, खर्च आणि मुलाचा आग्रह यांबद्दल तुम्ही सविस्तर लिहिलेत आणि मशेरीला एक वाक्य दिलेत. मी क्रम उलटा लावणार आहे, कारण दाढा कशामुळे गेल्या हे नीट समजल्याखेरीज त्यांच्या जागी काय बसवावे हे ठरवण्यात अर्थ नाही. न किडलेली दाढ हलू लागते, तेव्हा बहुतेक वेळा तिच्याभोवतीचे हाड झिजलेले असते आणि हाड झिजण्यामागे हिरड्यांचा जुना आजार असतो. दात आणि हिरडी यांच्या मधल्या फटीत कीटण साचते, सूज येते, फट खोल होत जाते आणि दाताला धरून ठेवणारे हाड हळूहळू खाली सरकते. हे सारे फारसे दुखत नाही, म्हणून वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. साखर काबूत नसेल तर हा आजार वेगाने वाढतो आणि हिरड्यांची सूज वाढली की साखरही हट्टी होते. दोघे एकमेकांना हात देतात. भाजलेल्या तंबाखूची पूड रोज हिरड्यांवर चोळणे ही त्यात पडणारी तिसरी भर. मशेरीने हिरड्या घट्ट होतात, दातांचे दुखणे थांबते, ही समजूत आपल्याकडच्या कितीतरी घरांत आईकडून मुलीकडे आली आहे. प्रत्यक्षात हिरडी तेवढ्यापुरती बधिर होते आणि आजार झाकला जातो.

पुढचे दात हलू लागले आहेत, याचा अर्थ हा आजार अजून चालूच असावा. मी तुमचे तोंड तपासलेले नाही, त्यामुळे ‘असावा’ एवढेच म्हणतो. पण हा अंदाज खरा असेल तर इम्प्लांट की कवळी हा प्रश्न आज तुमच्यासमोर नाहीच. तो काही महिन्यांनी येईल. कारण ज्या तोंडाने स्वतःच्या दाढा धरून ठेवल्या नाहीत, त्याच तोंडात त्याच परिस्थितीत टायटॅनियमचा स्क्रू बसवला, तर तो का टिकावा, हे कोणी तुम्हाला सांगितलेले दिसत नाही.

इम्प्लांट म्हणजे काय, हे इथे थोडक्यात सांगतो, म्हणजे माझा आग्रह कशासाठी आहे ते कळेल. १९५२ मध्ये स्वीडनमधले संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशांच्या हाडांवर काम करत होते. हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण काढायला गेले तेव्हा ते निघेना; हाड त्या धातूला एकजीव होऊन चिकटले होते. त्या शोधाच्या आधारावर १९६५ मध्ये गोथेनबर्ग इथे पहिल्या रुग्णाच्या जबड्यात त्यांनी असे स्क्रू बसवले आणि ते त्या रुग्णाच्या मृत्यूपर्यंत, चाळीस वर्षांहून अधिक काळ, कामात राहिले. आजही तत्त्व तेच आहे. हाडात स्क्रू, हाडाने तो धरल्यावर त्यावर एक जोडभाग आणि त्याच्यावर दाताच्या आकाराची कॅप. खालच्या जबड्यात हाड धरायला साधारण दोन-तीन महिने लागतात. वरच्या जबड्याचे हाड तेवढे घट्ट नसल्याने तिथे चार ते सहा महिनेही लागतात.

मात्र या एकजीव होण्यातच त्याचा कमकुवतपणाही आहे. खऱ्या दाताचे मूळ आणि हाड यांच्यात धाग्यांचा एक पातळ थर असतो. भातात खडा लागल्यावर आपण क्षणात जबडा सैल सोडतो, ती जाणीव याच थरातून येते. इम्प्लांटला तो थर नसतो. त्यामुळे एक तर दाब किती पडतो हे नीट कळत नाही आणि दुसरे म्हणजे भोवती संसर्ग झाला तर तो फारसा अडथळा न येता हाडापर्यंत पोहोचतो. चांगल्या हाडात, नीट निगा ठेवणाऱ्यांच्या तोंडात, बसवलेल्या शंभरातले नव्वदहून अधिक इम्प्लांट दहा वर्षांनंतरही जागेवर असतात, हे खरे आहे. पण हिरड्यांच्या आजाराचा इतिहास, तंबाखू आणि बेताबाहेरची साखर यांपैकी प्रत्येक गोष्ट धोका वाढवते. तुमच्याकडे या तिन्ही असण्याची शक्यता आहे. ‘पक्के दात’ या जाहिरातीतल्या शब्दांनी असे वाटते की एकदा बसवले की विषय संपला. इम्प्लांटला कीड लागत नाही एवढेच खरे. त्याच्याभोवतीची हिरडी आणि हाड तुमचेच असते आणि ते पूर्वीइतकेच आजारी पडू शकते.

आता वयाचे बोलू. ६२ हे इम्प्लांटसाठी अडचणीचे वय मुळीच नाही. सत्तरी-पंचाहत्तरीतही ते बसवले जातात आणि हाड धरते. उलट अडचण लहान वयाची असते, कारण जबड्याची वाढ पूर्ण होण्याआधी इम्प्लांट बसवला तर शेजारचे दात वाढीबरोबर पुढे जातात आणि तो मागे राहतो. अपघातात दात गेलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे. वयापेक्षा वयाबरोबर येणारे आजार आणि औषधे पाहावी लागतात. हाडे ठिसूळ झाली म्हणून कोणी आठवड्यातून एकदा अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी किंवा वर्षातून एकदा झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचे इंजेक्शन घेत असेल, तर जबड्यावरची शस्त्रक्रिया करण्याआधी ते दंतवैद्यांना सांगितलेच पाहिजे, कारण या औषधांमुळे क्वचित जबड्याचे हाड भरून न येता मरते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. हृदयाच्या डॉक्टरांनी आणि दंतवैद्यांनी मिळून ते ठरवावे. ‘माझे किती राहिले’ हे वाक्य तर तुम्ही पत्रातून काढूनच टाका. बासष्टीच्या बाईने पुढची वीस वर्षे भाकरी पाण्यात कुस्करून खायची, हे गृहीत धरण्याचे काही कारण नाही.

साखरेबद्दल तुम्ही ‘बरी आहे’ असे लिहिले आहे. सकाळच्या एका तपासणीवरून ‘बरी’ ठरवू नका. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी करून घ्या. आकडा सातच्या आसपास असेल तर साखरेची अडचण येऊ नये. आठच्या वर असेल तर बहुतेक जाणकार आधी साखर आटोक्यात आणा आणि मग या, असे सांगतात. जे डॉक्टर ही तपासणी न मागता स्क्रू बसवायची तारीख देतात, त्यांच्याकडे मी स्वतः माझा दात दिला नसता.

शहरातल्या दवाखान्याच्या प्रस्तावाबद्दल मला स्पष्ट लिहिले पाहिजे. सगळे दात काढून लगेच पक्के दात बसवण्याची पद्धत खोटी नाही. ज्यांचे सगळेच दात वाचवण्यापलीकडे गेले आहेत आणि हाड पुरेसे आहे, अशा निवडक रुग्णांत चार किंवा अधिक इम्प्लांटवर पूर्ण पंगत लगेच बसवली जाते. काही पद्धतींत स्क्रू हाडाच्या खोल, टणक थरात अडकवून त्या पकडीवर तीन दिवसांत दात देतात. प्रश्न एवढाच, की तुमचे उरलेले दात खरोखरच त्या अवस्थेला आले आहेत का? तुमच्या पत्रावरून तरी तसे दिसत नाही. वरचे दात शाबूत आहेत, खालचे पुढचे थोडे हलतात. हिरड्यांची खोल सफाई केल्यावर आणि सूज उतरल्यावर थोडे हलणारे दात कितीदा पुन्हा बऱ्यापैकी घट्ट होतात, हे पाहिल्यावर रुग्णांना स्वतःलाच नवल वाटते. काढलेला दात परत बसवता येत नाही. म्हणून त्या दवाखान्यात प्रत्येक दातावर बोट ठेवून, हा का काढायचा, असे विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. ‘सगळे काढले की पुन्हा कटकट नाही’ एवढेच उत्तर आले तर उठून या. सरसकट सगळे दात काढून घेण्याचा निर्णय दुसऱ्या, त्या दवाखान्याशी संबंध नसलेल्या दंतवैद्यांना दाखवल्याशिवाय कोणीही घेऊ नये.

तालुक्याच्या दंतवैद्यांचा प्रस्ताव अधिक समंजस आहे, तरी त्यांनाही मी दोन गोष्टी विचारीन. पहिली, उजवीकडे दोन दाढा गेल्या म्हणून दोन बसवल्याच पाहिजेत का? चावण्याचे मोठे काम सहाव्या क्रमांकाची दाढ (अगदी पुढच्या मधल्या दातापासून मोजत गेल्यास सहावी) करते; तिच्यामागची सातवी पुष्कळदा नसली तरी चालते. नेदरलँड्समधल्या नाइमेखन इथे कायझर यांनी १९८१ मध्ये मांडलेले संशोधन तर सांगते की पुढचे दात आणि त्यामागच्या लहान दाढा चांगल्या अवस्थेत एकमेकांवर बसत असतील, तर माणूस मागच्या मोठ्या दाढांवाचूनही पुरेसे खाऊ शकतो. त्यात एक खोच आहे. समोर टेकायला काही नसेल तर वरची दाढ हळूहळू खाली उतरू लागते. सहा वर्षांत तुमची किती उतरली आहे ते पाहावे लागेल. पण ती फारशी उतरली नसेल तर उजवीकडे एकच इम्प्लांट पुरेल आणि खर्चाचा तिसरा भाग तिथेच कमी होईल. दुसरी गोष्ट स्कॅनची. दाढ गेल्यावर तिथले हाड पहिल्या वर्षातच बरेच आकसते आणि तुमच्या उजव्या बाजूला सहा वर्षे झाली आहेत. खालच्या जबड्याच्या आतून ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. स्क्रूचे टोक आणि ती नस यांत निदान दोन मिलिमीटर अंतर असावे लागते, नाहीतर ओठ बधिर राहण्याचा धोका असतो. हाडाची उंची, रुंदी आणि नसेची जागा साध्या एक्स-रेवर नीट कळत नाही. त्यासाठी सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन लागतो. तो झाला आहे का, हे पत्रात नाही.

डावीकडे एकच दाढ गेली आहे आणि तिच्या पुढे-मागे दात आहेत, म्हणून तिथे ब्रिजचा, म्हणजे दोन्ही शेजारच्या दातांच्या आधाराने पक्क्या बसवलेल्या दाताचाही पर्याय आहे. त्यासाठी दोन्ही शेजारी दात घासून लहान करावे लागतात. ते निरोगी असतील तर त्यांना हात लावणे मला रुचत नाही. मात्र त्यांवर आधीच कॅप असतील किंवा मोठे सिमेंट भरलेले असेल तर ब्रिज हा कमी खर्चाचा आणि पूर्ण प्रामाणिक उपाय आहे. उजवीकडे मागे टेकायला दातच उरलेला नसल्याने तिथे नेहमीचा ब्रिज बसत नाही.

आता डबीत पडलेल्या दातांविषयी. ‘रुतले म्हणून सोडून दिले’ हे मी इतक्या वेळा ऐकले आहे, की निम्म्या कवळ्या दंतवैद्यांच्या नव्हे, रुग्णांच्या अधीरपणापायी वाया जातात, असे माझे मत झाले आहे. काढते-घालते दात पहिल्या दिवशी कोणालाच पूर्ण बसत नाहीत. ते घेऊन तीन-चार वेळा परत जायचे असते. जायच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी ते मुद्दाम घालून ठेवावेत, म्हणजे हिरडीवर जिथे रुतते तिथे लाल वळ उमटतो आणि डॉक्टरांना नेमके कुठे घासायचे ते दिसते. दात पर्समध्ये ठेवून, दुखणे बरे झाल्यावर गेले, तर डॉक्टर तरी काय शोधणार? चावताना उंच लागत असेल तर ते निळा कागद दातांत धरून ‘टकटक करा’ असे सांगतात. ज्या टोकावर गडद ठिपका येतो तेवढे टोक उतरवतात. दहा मिनिटांचे काम असते. शिवाय तुमचे ते दात बहुधा साध्या गुलाबी प्लॅस्टिकचे असावेत. ते सगळा भार हिरडीवर टाकतात. त्याऐवजी धातूच्या ओतीव सांगाड्याचे दात करून घेतले तर भार उरलेल्या दातांवरही वाटला जातो आणि तोंडात अडचण कमी वाटते. ते इम्प्लांटच्या खर्चाच्या काही अंशात होतात. मात्र सांगाड्याचे आकडे (हूक) ज्या दातांत अडकवायचे ते हलते नसावेत. म्हणून यातही आधी हिरड्यांचाच नंबर लागतो.

यजमानांच्या कवळीशी स्वतःची तुलना करू नका. वरची पूर्ण कवळी टाळूला चिकटून बसते आणि बऱ्याच जणांचे तिच्यावर छान चालते. खालच्या कवळीला तो आधार नसतो, जीभ तिला सारखी उचलते. ज्यांचे खालचे सगळे दात गेले आहेत आणि कवळी नाचते, अशा वाचकांनी पुढे दोन इम्प्लांट बसवून त्यांवर बटणासारखी अडकणारी कवळी करून घेण्याबद्दल अवश्य विचारावे. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या दंतहीन जबड्यासाठी हाच किमान योग्य उपाय मानावा अशी शिफारस केली होती. पूर्ण पंगतीच्या खर्चाच्या मानाने हा फारच आटोक्यातला उपाय आहे, आणि आपल्याकडे त्याची जाहिरात सर्वांत कमी होते.

पैशांविषयी तुम्हाला वाटणारा संकोच मी समजू शकतो. तुम्ही लिहिले आहे की लेकाच्या पैशावर तोंड सजवायची लाज वाटते. मागच्या दाढा कोणाला दिसत नाहीत, त्यामुळे सजवण्याचा प्रश्नच येत नाही. मधुमेही माणसाला मोड आलेली कडधान्ये, कोशिंबीर, शेंगदाणे चावता येणे हा उपचाराचाच भाग आहे. चावता येत नाही म्हणून मऊ भात, साबुदाणा आणि चहात बुडवलेल्या बिस्किटांवर भागवले, तर गोळ्या कितीही घेतल्या तरी साखर कशी उतरेल? मात्र मुलानेही हप्ते बांधण्याआधी संपूर्ण खर्चाचा कागद मागावा. स्कॅन, स्क्रू, जोडभाग, कॅप आणि लागलेच तर हाड भरण्याचे साहित्य यांचे आकडे वेगवेगळे लिहून मिळावेत, कारण जाहिरातीतला स्वस्त दर पुष्कळदा फक्त स्क्रूचा असतो. बहुतेक आरोग्यविमा योजना अपघात सोडून दातांचा खर्च देत नाहीत, हेही धरून चालावे. कराड, सांगली आणि पुण्यात दंत महाविद्यालये आहेत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय आहेत. तिथे एमडीएस (दंतवैद्यकातले पदव्युत्तर शिक्षण) करणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. फेऱ्या जास्त होतात, वेळ लागतो, पण खर्च पुष्कळ कमी येतो आणि हिरड्यांचे, शस्त्रक्रियेचे व कृत्रिम दातांचे तज्ज्ञ एकाच इमारतीत भेटतात. तुमच्यासारख्या गुंतागुंतीच्या प्रकरणाला हे मोठे सोयीचे.

तेव्हा तुम्ही असे करावे असे मला वाटते. या आठवड्यात एचबीए१सी करून घ्या आणि मशेरी पूर्ण बंद करा. ‘सकाळी एकदा’ नाही. सवय तीस-चाळीस वर्षांची असेल तर नुसत्या निश्चयाने ती सुटेलच असे नाही, म्हणून डॉक्टरांना निकोटिनच्या गोळ्यांबद्दल विचारा, त्यात कमीपणा नाही. मशेरी जिथे लावत होता तिथे गालात किंवा हिरडीवर पांढरा वा लाल चट्टा, बरी न होणारी जखम आहे का, हे दंतवैद्यांकडून त्याच भेटीत तपासून घ्या. दाढांपेक्षा ते अधिक तातडीचे आहे. त्यानंतर हिरड्यांच्या तज्ज्ञांकडून खोल सफाई करून घ्या आणि दोन दातांमधल्या फटीत जाणारा छोटा ब्रश रोज रात्री वापरायला शिका. तीन महिन्यांनी हिरड्यांच्या फटींची खोली पुन्हा मोजून घ्या. रक्त येणे थांबले असेल, साखर उतरली असेल आणि तो ब्रश तुमच्या हातात बसला असेल, तर खुशाल इम्प्लांट करा, आधी उजवीकडे. तसे झाले नसेल तर धातूच्या सांगाड्याचे दात करा आणि इम्प्लांटचा विचार सहा महिने पुढे ढकला.

इम्प्लांट केलेतच, तर त्याची कंपनी, आकार आणि बॅच क्रमांक लिहिलेले कार्ड मागून घ्या आणि रेशनकार्डासारख्या महत्त्वाच्या कागदांत ठेवा. दहा वर्षांनी कॅपचा आतला स्क्रू सैल झाला आणि तोवर डॉक्टर गाव सोडून गेलेले असले, तर या कार्डावरूनच योग्य भाग मागवता येतो. एका कंपनीचा भाग दुसरीच्या इम्प्लांटला बसेलच असे नाही. दर सहा महिन्यांनी तपासणीला जाण्याचा खर्च आणि बसभाडे आत्ताच हिशेबात धरा. शहरातल्या दवाखान्याचा ‘सवलत महिनाअखेरपर्यंतच आहे’ असा फोन आला, तर मुलाला सांगा की आईच्या हिरड्यांचे उपचार चालू आहेत, तीन महिन्यांनी बोलू. आगाऊ रक्कम मात्र तोवर कोणालाही देऊ नका.